लेवीयपाशी गाडी अडते त्यांच्यासाठी: रोजचं वाचन आणि वही

जय ख्रिस्त भाऊ,

तुम्ही लिहिलंय की दर जानेवारीत बायबल उत्पत्तीपासून, म्हणजे पहिल्या पुस्तकापासून, वाचायला घेता आणि तिसरं पुस्तक लेवीय आलं की वाचन बंद पडतं. चाकणला शिफ्ट असल्यामुळे पहाटेची वेळ जमत नाही, आणि वाचलेल्यावर लिहायला वही उघडली की काय लिहायचं ते सुचत नाही. तिन्हींवर लिहिते, पण वहीवर जास्त. माझ्या मते खरी गाठ तिथेच आहे.

आधी साधा हिशेब. आपल्या ६६ पुस्तकांचे मिळून १,१८९ अध्याय. वर्षात संपवायचे तर रोज तीनपेक्षा थोडे जास्त. रोज तीन धरले तर उत्पत्तीचे ५० अध्याय मजेत जातात. आब्राहाम, याकोब, योसेफ, गोष्टीत गोष्ट. निर्गम या दुसऱ्या पुस्तकातही तांबडा समुद्र आणि सीनाय पर्वतापर्यंत ओढ राहते. मग २५ जानेवारीला निर्गम २५ येतो आणि निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात: किती हात लांब, पडदे किती, खुंट्या कशाच्या. ३५व्या अध्यायापासून तेच सगळं प्रत्यक्ष बांधताना पुन्हा. लेवीय ३१ तारखेला उजाडतं, म्हणजे तुमचा धीर त्याच्या आठवडाभर आधीच सुटायला लागलेला असतो. बिचाऱ्या लेवीयवर उगाच आळ येतो.

वार्षिक तक्ते वाईट नसतात. स्कॉटलंडमधल्या डंडीचे पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी केलेला तक्ता आजही जगभर वापरतात: वर्षात जुना करार (बायबलचा येशूच्या आधीचा भाग) एकदा, नवा करार (येशूपासूनचा भाग) आणि स्तोत्रं दोनदा. पण त्याच पाळकांनी तक्त्याचे फायदे सांगण्याआधी धोके मांडले होते. वाचन नुसता उपचार होऊन बसेल, आपण फार धार्मिक झालो असं वाटू लागेल, घाईघाईत वाचलं जाईल, आणि काहींना ते न झेपणारं जू होईल. तक्ता करणारा माणूसच हे सांगतोय, तेव्हा नवशिक्याने तक्ता बाजूला ठेवला तर काही पाप लागत नाही.

तुम्ही मार्कपासून, म्हणजे नव्या करारातल्या येशूच्या चरित्रापासून, सुरू करा. सोळाच अध्याय आहेत आणि भरभर पुढे सरकणारी सुवार्ता आहे. रोज अख्खा अध्यायही नको. आपल्या छापील बायबलात मध्ये मध्ये जाड ठशातले मथळे असतात. एका मथळ्यापासून पुढच्या मथळ्यापर्यंत वाचा आणि थांबा. दोन-तीन महिने आरामात जातील. अध्याय पूर्ण झालाच पाहिजे हा हट्ट सोडा. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आणि नव्या करारातले वचनांचे आकडे १५५१ सालचे. मूळ लिहिणाऱ्यांना दोन्ही ठाऊक नव्हते. यशया या पुस्तकाचा ५३वा अध्याय घ्या, तो विषय खरं तर ५२:१३ पासूनच, म्हणजे ५२व्या अध्यायाच्या १३व्या वचनापासून, सुरू होतो.

आता वही. तारखा छापलेली डायरी आणू नका. चार दिवस चुकले की ती कोरी पानं आपल्याकडे वसुलीवाल्यासारखी बघत बसतात. साधी शंभर पानी वही घ्या, तारीख स्वतः टाका. चुकलेला दिवस भरून काढायचा नाही. आज जिथे आहात तिथून पुढे.

बहुतेकांची वही का अडते? पहिल्याच ओळीत ‘देव मला काय शिकवतो’ हे लिहायला बसतात. मग रविवारच्या उपदेशातली वाक्यं उतरतात: विश्वास ठेवावा, प्रार्थना करावी. ती खोटी नसतात, पण ती लिहायला वाचायची गरजच पडत नाही. म्हणून क्रम बदला. आधी फक्त काय दिसलं ते लिहा, एखाद्या पंचनाम्यासारखं कोरडं. संडे स्कूलच्या मोठ्या मुलांकडून मी हेच करून घेते आणि मुलं मोठ्यांपेक्षा चांगलं लिहितात.

मार्क ४:३५–४१ घ्या, वादळाचा प्रसंग. पान असं दिसेल: ‘संध्याकाळ झाली होती. बरोबर दुसऱ्याही होड्या होत्या. पाणी आत शिरतंय, येशू मागच्या बाजूला झोपलाय, डोक्याखाली उशी. शिष्य त्याला उठवताना मदत मागत नाहीत, तुला आमची काळजी नाही का असं विचारतात. वादळ थांबल्यावर ते फार घाबरलेत.’ हे पाच मिनिटांचं काम. पण उशी आणि त्या दुसऱ्या होड्या येशूची गोष्ट सांगणाऱ्या मत्तय-लूक या पुस्तकांत नाहीत, फक्त मार्कमध्ये आहेत. आणि लाटा शांत झाल्यावर भीती जावी की वाढावी? मी शंभरदा ऐकलेल्या गोष्टीत हा प्रश्न लिहिताना पडतो, ऐकताना नाही.

त्याखाली एक प्रश्न लिहा, उत्तर आलं नाही तरी चालेल. त्या होड्यांचं काय झालं, मजकूर सांगत नाही. मग शेवटी एक-दोन ओळी प्रार्थना, आजच्या दिवसाची आणि खरी: ‘प्रभू, सुपरवायझरशी आज बोलायचंय, पोटात गोळा आलाय.’ झालं. रोज ‘लागूकरण’, म्हणजे स्वतःच्या आयुष्याला लागू होणारा धडा, निघालंच पाहिजे असं मानू नका. काही दिवस नुसता पंचनामा पुरे. आणि वही घरात कोणी वाचणार नाही याची खात्री असू द्या, नाहीतर आपण नकळत दुसऱ्यांसाठी लिहायला लागतो.

वेळेचं म्हणाल तर मार्क १:३५ दाखवून पहाटेचा आग्रह धरणारे पुष्कळ भेटतील. येशू पहाटे उठून प्रार्थनेला गेला हे खरंच आहे. पण जुन्या करारातला दानीएल दिवसातून तीनदा प्रार्थना करायचा, आणि स्तोत्र १३४ तर परमेश्वराच्या मंदिरात रात्री उभं राहून सेवा करणाऱ्यांसाठीच आहे. तीनच वचनं आहेत. रात्रपाळीच्या आठवड्यात तेच वाचा. बाकी, कंपनीच्या बसमध्ये बसलात की वाचायचं आणि घरी येऊन जेवणाआधी लिहायचं, असं आधीच ठरलेल्या एखाद्या गोष्टीला ते बांधून टाका. शिफ्ट बदलली तरी बस आणि जेवण बदलत नाही.

भाषा जड जाते असंही तुम्ही जाता जाता म्हणालात. तसं असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल शेजारी ठेवा. कॅथलिक-प्रोटेस्टंट असा विचार करू नका, मार्क तोच आहे. सोप्या मराठीची ही ओढ जुनीच. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वर्षानुवर्षं खपून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, तेही साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून.

मार्क झाला की फिलिप्पैकरांस पत्र, चारच अध्याय आहेत. मग रूथ, मग उत्पत्ती. लेवीयला मात्र पुढून भिडू नका, १९व्या अध्यायातून शिरा. शेताचे कोपरे कापू नका, ते गरिबांसाठी राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, हे सगळं त्या एका अध्यायात आहे. त्यानंतर १६ आणि २५ वाचा, आणि मगच पहिल्या अध्यायातल्या होमार्पणाकडे या.