तडफड नव्हे, जांभई बघा

तुमचे प्रश्न दोन आहेत. ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’मध्ये हेरॉइन सोडायला फ्रँक सिनात्रा खोलीत कोंडून घेतो, तिथली तडफड खरी की नाटकी, हा एक. आणि जुन्या सिनेमांपैकी ड्रग्जचं व्यसन जसं असतं तसं कुणी दाखवलंय, म्हणजे तुमच्या फिल्म क्लबात लावता येईल, हा दुसरा.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. गिरण्यांचा संप चिघळला त्या सुमारास आमच्या परळच्या चाळीत गर्द, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, आलं. माझा धाकटा भाऊ त्यात सापडला आणि सात वर्षं सापडलेलाच राहिला. आज तो ठणठणीत आहे, नातवाला शाळेत सोडायला जातो. त्यामुळे असे सिनेमे मी नुसता सिनेमावेडा म्हणून बघू शकत नाही. घरात जे पाहिलं ते मध्ये येतंच.

तर खोलीतली तडफड. वेळेच्या हिशोबाने ती चुकीची नाही. हेरॉइनचा शेवटचा डोस घेतल्यावर साधारण आठ-दहा तासांत त्रास सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतो आणि आठवड्याभरात शरीर बरंचसं सावरतं. आपल्याकडचे गर्दुल्ले याला ‘टर्की’ म्हणतात. इंग्रजीतल्या ‘कोल्ड टर्की’मधलं ‘कोल्ड’ वाटेत कुठेतरी गळालं. पण टर्कीत माणूस करतो काय? जांभया देतो. नाका-डोळ्यांतून पाणी वाहतं, अंगावर शहारे येतात, पोटात कळा येतात, जुलाब होतात, पाय सारखे झाडावेसे वाटतात आणि झोप म्हणून लागत नाही. सिनात्रा लोळतो, ओरडतो, कुडकुडतो. जुलाब मात्र त्याला होत नाहीत.

आमच्या घरी पहिलं लक्षण जांभई होती. भाऊ पहाटेच उठून बसायचा. जांभयांमागून जांभया, नाक गळतंय, डोळे भरलेले. आईला वाटलं सर्दी. तीन-चार महिने तिने त्याला आलं, मिरी आणि गवती चहाचा काढा दिला. तो निमूटपणे प्यायचा, दहा मिनिटांत बाहेर पडायचा आणि तासाभराने सर्दी साफ बरी होऊन परत यायचा. आई चाळीतल्या बायकांना काढ्याची कृती सांगायची.

असला प्रसंग पडद्यावर आणायला कुणी धजत नाही, कारण जांभईला टाळ्या पडत नाहीत. जवळपास पोचलेला एक सिनेमा आहे, १९५७चा ‘अ हॅटफुल ऑफ रेन’. कोरियाच्या युद्धातून परतलेला सैनिक, इस्पितळात मॉर्फिनची सवय लागलेली. तो वेळी-अवेळी गायब होतो आणि गरोदर बायकोला वाटतं, बाहेर दुसरी कुणीतरी आहे. घरातल्या माणसाचा अंदाज चुकतो तो असाच. आमच्याकडे सर्दी, तिथे सवत.

तरीही ‘गोल्डन आर्म’ला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. १९५५ साली हॉलीवूडच्या आचारसंहितेत ड्रग्जचं व्यसन दाखवायलाच मनाई होती. दिग्दर्शक ओटो प्रेमिंजरने ते दाखवलं, मंजुरीचा शिक्का नाकारला गेला, तर युनायटेड आर्टिस्ट्स या वितरक कंपनीने शिक्क्याशिवाय सिनेमा लावला आणि निर्मात्यांच्या संघटनेतून बाहेर पडली. वर्षभराने, डिसेंबर १९५६मध्ये, तो नियम सैल करावा लागला. मला त्यात सगळ्यात खरा वाटतो तो लुई, माल विकणारा. तो घाई करत नाही. मागे लागत नाही. गिऱ्हाईक परत येणार हे त्याला ठाऊक आहे आणि तो नीटनेटके कपडे घालून वाट बघतो. आमच्या नाक्यावरचाही असाच होता, येता-जाता आईला नमस्कार करायचा.

खोटा आहे तो शेवट. नेल्सन ऑल्ग्रेनच्या मूळ कादंबरीत नायक गळफास घेतो. सिनेमात तो तीन दिवस सोसतो आणि किम नोव्हाकबरोबर चालू पडतो. शरीराची टर्की उतरली म्हणजे माणूस सुटला, हा गैरसमज तेव्हापासून आजतागायत सिनेमावाल्यांनी पोसलाय. माझ्या भावाची टर्की पाच वेळा उतरली. पाच! चार वेळा तो गुटगुटीत होऊन घरी आला आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा गर्द ओढायला चंदेरी कागद शोधायला लागला.

आता दुसरा प्रश्न. माझ्यापुरतं उत्तर एकच: १९७१चा ‘द पॅनिक इन नीडल पार्क’. दिग्दर्शक जेरी शॅट्झबर्ग, पटकथा जोन डिडियन आणि जॉन ग्रेगरी डन यांची. अल पचिनोची ही पहिली प्रमुख भूमिका, ‘गॉडफादर’ पुढच्या वर्षी आला. तो बॉबी. नायिका हेलन म्हणजे किटी विन, तिला यासाठी कान महोत्सवात अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे आणि ७२व्या रस्त्याच्या नाक्यावर जे गर्दुल्ले बाकांवर बसायचे त्यांची ही गोष्ट. पार्श्वसंगीत अजिबात नाही, नुसता रस्त्याचा आवाज. इथे रडा, इथे घाबरा, असं सांगायला व्हायोलिन येत नाही.

नावातलं ‘पॅनिक’ म्हणजे बाजारात माल नसण्याचे दिवस. त्या दिवसांत सगळे एकमेकांना विकायला निघतात, अगदी शब्दशः. पोलीस हेलनला बॉबीची टीप द्यायला लावतो आणि ती देते. ती दुष्ट आहे म्हणून नाही, तिच्याकडे विकण्यासारखं दुसरं काही उरलेलं नाही म्हणून. व्यसन म्हणजे मुळात हिशोब असतो हो. आज किती लागेल, कुणाकडून मिळेल, काय विकता येईल. आमच्या घरातून आधी पितळी डबे गेले, मग कुकर, मग वडिलांचं घड्याळ. प्रत्येक वेळी कारण इतकं पटण्याजोगं असायचं की ते ऐकताना आपणच क्षुद्र वाटायचो.

‘नीडल पार्क’मधला एक प्रसंग सांगतो. दोघं कुत्र्याचं एक पिल्लू घेतात. फेरीबोटीतून परत येताना छान ऊन आहे, दोघं खुशीत आहेत, आता सगळं नीट होणार असं आपल्यालाही वाटायला लागतं. तेवढ्यात बॉबीला घ्यायची हुक्की येते. आत्ताच, बोटीच्या संडासात. पिल्लू बाहेर ठेवतात. ते भटकत भटकत काठाशी जातं, हेलन धावते, पण ते पाण्यात पडतं. मारहाण नाही, भाषण नाही. त्यांनी पिल्लावर प्रेम केलं नाही असंही नाही. फक्त त्या दहा मिनिटांत त्याच्यापेक्षा महत्त्वाचं काम निघालं. व्यसनी माणसाच्या घरातल्या कुणालाही विचारा, आपण ते पिल्लू कधी ना कधी झालोय हे तो सांगेल.

त्याच १९७१ साली आपल्याकडे ‘हरे रामा हरे कृष्णा’ आला. तुटलेल्या घरातली बहीण हा भाग चांगला आहे, पण चिलीम तिथे सजावटीसारखी येते आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते गाणं. झीनतचा चष्मा दोन वर्षं गिरगावात दिसत होता, एवढंच.

खरा माणूस हिंदीत यायला १९८८ उजाडलं. मीरा नायरच्या ‘सलाम बॉम्बे’मधला रघुवीर यादवचा चिलम. बाबासाठी, म्हणजे नाना पाटेकरसाठी, माल विकणारा आणि स्वतःच तो ओढणारा. सिनेमाचा नायक असलेल्या रस्त्यावरच्या पोराशी त्याची माया खरी आहे आणि त्याच पोराने आईकडे परत जायला साठवलेले पैसे तो चोरतो, हेही खरं आहे. दोन्ही एकाच माणसात. त्याच पैशांच्या गर्दने तो मरतो. आणि बाबा काय करतो? नवा माणूस ठेवतो आणि त्याचंही नाव चिलमच. सात वर्षांत आमच्या नाक्यावरची किती तोंडं बदलली, धंदा एक दिवस बंद राहिला नाही.

एक सिनेमा तुमच्या यादीत नसेल: १९६२चा ‘लाँग डेज जर्नी इंटू नाइट’, युजीन ओनीलच्या नाटकावरून सिडनी ल्युमेटने केलेला. आई मॉर्फिनच्या आहारी, भूमिकेत कॅथरिन हेपबर्न. ती वरच्या मजल्यावर येरझारा घालते आणि खाली नवरा व मुलगे नुसते कान देऊन बसतात. पावलांवरून त्यांना कळतं, आज पुन्हा. बोलत कुणी नाही. आमची आई काढ्याच्या प्रकरणातून शहाणी झाल्यावर अशीच चाळीच्या सामायिक मोरीबाहेर उभी राहायची, आत काडी ओढल्याचा आवाज येतो का ते ऐकत. तो बरा होऊन कितीतरी वर्षं झाली तरी देवापुढे काडी ओढली की ती दचकायची.

क्लबात ‘नीडल पार्क’च लावा, पण आधी स्पष्ट सांगून. त्यात सुई टोचतानाचे जवळून घेतलेले शॉट आहेत. सामान्य प्रेक्षकाला ते बघून मळमळेल; सुटलेल्या माणसाला कदाचित तलफ येईल, आणि तुमच्या पन्नास प्रेक्षकांत असा एखादा असू शकतो. दार उघडं ठेवा, बाहेर चहा ठेवा आणि उठून गेलेल्याला कुणी कारण विचारू नका.

भावाने हा सिनेमा माझ्याबरोबर एकदाच पाहिला. पिल्लाचा प्रसंग त्याने डोळे न हलवता बघितला. पट्टा दंडाला आवळला जायला लागला की मात्र तो उठून स्वयंपाकघरात जायचा, भांडी उगाच वाजवायचा आणि आतूनच विचारायचा, “झालं का रे दादा?” झालं म्हटलं की परत येऊन बसायचा.