वाळवंटात पहिल्यांदाच चालायला निघताय? आधी बुटांचं बघा

नवे कोरे बूट घालून जाऊ नका, एवढं एक ऐकाच. ते पायाला बसलेले हवेत, आणि किंचित मोठे; उन्हात पाय सुजतात. मोज्यात वाळू शिरली की टाचेला आधी नुसती चुरचुर होते. तिथेच थांबायचं, मोजा झटकायचा, चिकटपट्टी लावायची. सगळे माझ्यामुळे खोळंबतील म्हणून मी एकदा गप्प चालत राहिलो. संध्याकाळी बोराएवढा फोड, आणि दुसऱ्या दिवशी खरंच सगळे माझ्यामुळे खोळंबले!

पाणी माणशी रोज किमान ४-५ लिटर धरा. पण नुसतं पाणी ढोसू नका. घामातून गेलेलं मीठ खारं खाऊन किंवा ओआरएस घेऊन भरून काढा. चालायचं पहाटे, भर दुपारी सावलीत पडून राहायचं. वाळूची टेकडी वाऱ्याकडच्या बाजूने चढा, तिथे वाळू घट्ट असते. सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, म्हणजे गट फुटत नाही.

रात्री कडाक्याची थंडी पडू शकते, जॅकेट हवंच. कोरड्या नदीपात्रात तंबू नको. लांब कुठेतरी पडलेल्या पावसाचा लोंढा अचानक तिथे येतो. आणि सकाळी बूट उलटे आपटूनच घाला. विंचवाला ती जागा फार आवडते.