तेस्ताच्चोमधील रोमन त्रातोरियात जेवायला गेल्यावर काय मागवावे?

आपला प्रश्न असा आहे की, रोमच्या तेस्ताच्चो वस्तीतील एका गाजलेल्या त्रातोरियात, म्हणजे साध्या घरगुती खाणावळीत, शनिवारी रात्रीचे टेबल आपण राखून ठेवले आहे, आपल्याला कोणतेही मांस वर्ज्य नाही, पत्नी मात्र अंडेही खात नाहीत, तर दोघांनी काय आणि किती मागवावे. नोकरीच्या निमित्ताने मी रोममध्ये तीन वर्षे राहिलो आणि त्या काळात याच वस्तीत पुष्कळदा जेवलो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तेस्ताच्चोत जेवताना या वस्तीचा कत्तलखाना ध्यानात ठेवावा, कारण इथल्या पाककलेचा उगम तिथे आहे. १८८८ ते १८९१ या काळात बांधलेला हा कत्तलखाना १९७५ मध्ये बंद झाला आणि आज त्याच्या इमारतींत कलादालने आणि विद्यापीठाचा वास्तुकला विभाग आहे. जनावराचे चार चांगले भाग ऐपतदारांच्या घरी जात आणि आतडी, जठर, शेपूट, काळीज असे उरलेले अवयव कामगारांना मजुरीचा एक हिस्सा म्हणून मिळत. या उरलेल्या भागाला रोमन लोक ‘क्विंतो क्वार्तो’, म्हणजे पाचवा चतुर्थांश, असे म्हणतात. आसपासच्या खाणावळींनी त्यातूनच जे पदार्थ घडवले, ते आज लोक मुद्दाम दूरवरून येऊन खातात. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, आपण मांस खात असाल तर इथे येऊन केवळ कार्बोनारा पास्ता खाऊन परतू नये.

मी आपल्याला ‘कोदा आल्ला वाच्चिनारा’ सुचवीन. ही बैलाची शेपूट आहे, गोमांस चालत असेल तरच मागवावी. ती टोमॅटो आणि भरपूर सेलरीच्या रसात कित्येक तास मंद शिजवतात, शेवटी काही ठिकाणी बेदाणे, चिलगोझे आणि किंचित कोको घालतात, आणि मांस हाडापासून आपोआप सुटू लागले की ती झाली असे समजतात. काट्याने ती नीट खाता येत नाही. पहिल्या वेळी माझी धडपड पाहून वाढणाऱ्या वयस्कर गृहस्थांनी जवळ येऊन हाताने खाण्याची खूण केली, आणि आजूबाजूला पाहिले तर सगळेच तसे खात होते. आपण शनिवारी जात आहात हेही चांगले आहे, कारण गुरुवारी न्योक्की, शुक्रवारी मासे आणि शनिवारी त्रिप्पा, अशी रोमची जुनी रीत आहे. त्रिप्पा म्हणजे गाईचे जठर. ते टोमॅटोत शिजवून वर पुदिना आणि पेकोरीनो चीज घालतात. ‘पायाता’ हा पदार्थ मात्र सर्वांना रुचेल असे नाही. दुधावरच्या वासराचे आतडे आतल्या दुधासह शिजवले की ते दूध फाटून दाट होते आणि त्याचाच रस रिगातोनी पास्त्याला लागतो. गाईंच्या मेंदूच्या रोगामुळे २००१ मध्ये यावर बंदी आली होती, ती २०१५ मध्ये उठली.

पास्त्याचे चार रोमन प्रकार एकमेकांचे सख्खे आप्त आहेत. मिरी आणि पेकोरीनो एवढ्यावरच होतो तो ‘काचो ए पेपे’. त्यात ग्वांचाले, म्हणजे डुकराच्या गालाचे खारवलेले मांस, आले की ‘ग्रीचा’. ग्रीचात टोमॅटो आला की ‘आमात्रिचाना’, आणि अंडे आले की ‘कार्बोनारा’. यांपैकी कशातही साय घालत नाहीत. सर्वांत कठीण, माझ्या मते, काचो ए पेपे, कारण पास्त्याच्या पिठूळ पाण्यात चीज मिसळताना उष्णता जरा जास्त झाली की त्याच्या गुठळ्या होतात. स्वयंपाकघराचा हात जोखायचा असेल तर हाच पदार्थ मागवावा.

पत्नींच्या जेवणाबाबत मात्र अधिक काळजी घ्यावी लागेल, आणि ही गोष्ट बहुतेक प्रवाशांना कोणी सांगत नाही. पेकोरीनो रोमानो कोकराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा रस, वापरून घट्ट करतात, आणि पार्मेझानसाठी वासराचे रेनेट वापरतात. त्या असे चीजही वर्ज्य मानत असतील तर काचो ए पेपे त्यांच्यासाठी शाकाहारी ठरत नाही. सुकी स्पागेत्ती किंवा रिगातोनी रवा आणि पाण्याची असते, पण ताज्या पास्त्यात, तोन्नारेल्ली या जाड स्पागेत्तीसारख्या प्रकारातही, बहुधा अंडे असते. त्यांनी लसूण, ऑलिव्ह तेल आणि मिरचीची स्पागेत्ती, किंवा साध्या टोमॅटोच्या रसातील पास्ता, चीज न घालता मागवावा. सोबत लसूण-मिरचीत परतलेली चिकोरिया ही कडवट पालेभाजी आणि फेब्रुवारी ते एप्रिलचे दिवस असतील तर आर्टिचोक जरूर घ्यावेत. ‘आल्ला रोमाना’ म्हणजे लसूण आणि रानपुदिना भरून शिजवलेले, आणि ‘आल्ला जुदिया’ म्हणजे रोमच्या ज्यू वस्तीच्या पद्धतीने अखंड तळलेले. हिवाळ्यातील पुंतारेल्ले दिसायला निव्वळ पालेभाजी असली तरी तिच्या मसाल्यात अँचोव्ही मासे वाटलेले असतात, म्हणून ‘सेन्झा अलीची’, म्हणजे अँचोव्हीशिवाय, असे सांगावे. पान्ना कोत्तात जनावरांपासून काढलेले जिलेटीन आणि तिरामिसूत अंडे असते, तेव्हा गोडाऐवजी फळे मागवणे सोयीचे.

प्रमाणाविषयी एवढेच सांगतो की, सुरुवातीचा पदार्थ, पास्ता, मांस आणि गोड असे चारही टप्पे मागवण्याचे कोणतेही बंधन नाही. दोघांत एक सुरुवातीचा पदार्थ, प्रत्येकी एक पास्ता, आपल्यासाठी एक मांसाचा पदार्थ आणि एखादी भाजी पुरेशी होते. भाजी वेगळी मागवावी लागते. मांसाच्या ताटात ती बहुधा येत नाही. वाइनमध्ये जवळच्या टेकड्यांवरची घरची पांढरी वाइन या तेलकट पदार्थांना चांगली साथ देते.

रात्री आठच्या आधी स्वयंपाकघर अनेकदा सुरूच नसते, म्हणून थोडे लवकर पोहोचलात तर मोंते तेस्ताच्चो बाहेरून पाहून घ्या. प्राचीन रोममध्ये ऑलिव्ह तेल आणणाऱ्या मातीच्या रांजणांच्या खापऱ्या टाकून टाकून बनलेली ही सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी आहे, आणि तिच्या पोटात खोदलेल्या काही खाणावळींच्या भिंतींत त्या खापऱ्या आजही दिसतात.

बिल कोणी आपणहून आणून ठेवत नाही, ते ‘इल कोंतो’ म्हणून मागावे लागते. रोमच्या लात्सियो प्रांतात २००६ च्या कायद्यानुसार ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलाचे शुल्क, आकारता येत नाही. ब्रेडचे मात्र वेगळे एक-दोन युरो लागू शकतात आणि तो नको असल्यास आल्या-आल्याच परत पाठवता येतो. पण कोदा मागवणार असाल तर ब्रेड परत पाठवू नका, ताटात उरलेला रस पुसून खायला तोच लागतो.