आधी नीट येऊ दे, मग बोलेन

नवीन भाषा शिकणाऱ्यांकडून एक तक्रार मी सतत ऐकते: 'समजतं सगळं, पण तोंड उघडत नाही. चुकलं तर?' यातले बरेचजण स्वतःला आळशी म्हणवून घेतात. मला तो आळस वाटत नाही, ती भीती असते.

ऐरोलीतल्या आयटी कंपनीत काम करणारी विशीतली एक मुलगी ठाण्याला माझ्याकडे समुपदेशनासाठी येत असे (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत). क्लायंट जपानी. जपानी भाषेच्या परीक्षेची एन-फाइव्ह ही पहिली पातळी ती छान पास झालेली, पुढच्या एन-फोरचा अभ्यासही झालेला. पण जुलैचा फॉर्म आला की 'डिसेंबरला देऊ', आणि डिसेंबरचा आला की 'जुलैला'. तिने मला कांजीची, म्हणजे जपानीतल्या चित्रलिपीच्या अक्षरांची, वही दाखवली. अक्षर छापल्यासारखं, पण बरीच पानं फाडलेली. एका रेघेचा क्रम चुकला तरी अख्खं पान नव्याने लिहायचं, हा तिचा नियम. रात्रीचा एक वाजायचा आणि शिकून व्हायची जेमतेम पाच-सहा अक्षरं. क्लायंटच्या कॉलवर ती म्यूटवर बसायची.

हे कुठून आलं, ते आम्ही फार उकरलं नाही. आत्ता ती कशात अडकलीय, हे बघणं जास्त निकडीचं होतं.

मी तिला परीक्षेचा हिशोब मांडायला सांगितलं. एन-फोर 180 गुणांची, पास व्हायला 90. भाषाज्ञान आणि वाचनात 120 पैकी किमान 38, ऐकण्यात 60 पैकी 19. बोलण्याची परीक्षाच नाही. 'आणि तुझं पासिंग कितीला?' 'एकशे ऐंशीला, मॅडम,' म्हणाली आणि एकदम गप्प झाली.

मग प्रयोग. कॉलच्या आधी कागदावर लिहायचं: चुकलं तर काय होईल, आणि तसं होईल असं किती टक्के वाटतं. तिने लिहिलं: 'ते हसतील, मॅनेजर मला बाजूला करेल. 80 टक्के.' आता सुरुवातीच्या गप्पांत मुद्दाम एक चूक करायची. जपानीत जिथे काम करतो त्या जागेला 'दे' लागतो, जिथे नुसते असतो तिला 'नि'. 'मी ऐरोलीत काम करते' म्हणताना तिने 'नि' लावायचा आणि दुरुस्त करायचा नाही. तिने तसं केलं. पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, तिकडे पाऊस सुरू झाला का? बस्स, एवढंच. पुढे एकदा तिचं वाक्य त्यांना खरोखरच कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं. मला हा दुसरा अनुभव जास्त मोलाचा वाटतो, कारण यात चूक नडली होती आणि तरी काम अडलं नाही.

'चुकलं तर चुकू दे गं' असं मैत्रिणी तिला रोज सांगतच होत्या. त्याने काही हललं नव्हतं. तिला पुरावा हवा होता.

काटेकोरपणा सोड, असं मी म्हटलं नाही. क्लायंटला मेल करताना तो हवाच. वहीत मात्र चुकलेल्या अक्षरावर आडवी रेघ मारून पुढे जायचं, पान फाडायचं नाही, असं ठरलं. सुरुवातीला तिला ती वही उघडवेना. हळूहळू जमलं. एन-फोरचा फॉर्मही भरला.

कागदाचा हा प्रयोग घरीही करता येतो. क्लासमधल्या सोबत्यापासून सुरुवात करा, बॉसपासून नको. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा चुकल्यावर स्वतःचा तिरस्कार वाटत असेल, तर मात्र एकट्याने झुंजू नका, समुपदेशक गाठा. सरकारच्या टेली-मानस सेवेशी 14416 वर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही बोलता येतं.