डोळा लाल झालाय, सकाळी पापण्या चिकटतात. घरच्या घरी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याचा एक डोळा दोन दिवसांपासून लाल आहे, पाणी येतंय, सकाळी पापण्या चिकटतात. सासूबाई गुलाबपाणी नाहीतर मध घालायला सांगतायत, घरात चार वर्षांची मुलगी आहे आणि नवऱ्याला रोज ठाण्याहून ऐरोलीला लोकलने जावं लागतं.

मी डॉक्टर नाही. कळव्यात माझं औषधाचं दुकान आहे आणि पावसाळा लागला की लाल डोळ्यांची गिऱ्हाइकं सुरू होतात. 2023च्या जुलै-ऑगस्टमध्ये तर राज्यभर साथच होती, तेव्हा काळे गॉगल लावलेली माणसं दुकानापुढे रांगेत उभी असायची.

तुमच्या वर्णनावरून हे साधं डोळे येणं वाटतं. साथीत येतात ते डोळे बहुतेक वेळा व्हायरसमुळे, बऱ्याचदा अ‍ॅडिनोव्हायरसमुळे. सर्दी-घसादुखी करणाऱ्यांपैकीच तो एक. त्याला मारणारा रोजच्या वापरातला ड्रॉप नाही. एक-दोन आठवड्यांत शरीरच त्याला घालवतं. मधल्या काळात दुसराही डोळा येऊ शकतो आणि सुरुवातीचे काही दिवस सूज वाढल्यासारखी वाटेल, ते त्या आजाराचं नेहमीचंच वळण आहे. पिवळा-हिरवा घट्ट पू सारखा येत असेल तर बॅक्टेरियाचा संशय घ्यायचा, आणि दोन्ही डोळ्यांना नुसती खाजच खाज असेल तर अ‍ॅलर्जीचा.

घरगुती उपायांना श्रेय मिळतं ते यामुळेच. मध घातलेल्याचा डोळा बरा होतो, आईचं दूध घातलेल्याचा होतो आणि काहीच न घातलेल्याचाही होतो. पण ज्याच्या बुबुळाला जखम होऊन वर नवीन जंतू बसतात, त्याची गोष्ट कुणी सांगत नाही.

त्यामुळे माझा हिशेब सरळ आहे. पापणीच्या बाहेरून जे करायचं ते घरी खुशाल करा. पापणीच्या आत सीलबंद, निर्जंतुक बाटलीतलंच जाऊ दे. गुलाबपाणी चेहऱ्याला लावायचं असतं, ते डोळ्यासाठी निर्जंतुक केलेलं नसतं आणि त्यात वास-प्रिझर्व्हेटिव्हही असू शकतात. मध, दूध, हळदीचं पाणी यांचंही तेच. त्रिफळ्याचा काढा कितीही गाळला तरी चुर्णाचे बारीक कण राहतात आणि सुजलेल्या डोळ्याला ते वाळूसारखे टोचतात. सासूबाईंचं मन मोडायचं नसेल तर गुलाबपाण्याची थंड पट्टी मिटलेल्या डोळ्यावर ठेवू द्या, चांगली पिळून घेतलेली.

खरा आराम मिळतो तो असा. पाणी उकळून कोमट करा, स्वच्छ कापूस भिजवा आणि नाकाकडून कानाकडे एकदाच पुसा. तो बोळा टाकून द्या, पुढच्या वेळी नवा घ्या, दुसऱ्या डोळ्याला वेगळा. चिकटलेल्या पापण्या ओढून उघडू नका, ओला बोळा मिनिटभर ठेवला की चिपडं आपोआप सुटतात. कृत्रिम अश्रूंचे साधे ड्रॉप दुकानात मिळतात, ते फ्रिजमध्ये ठेवून घातले की जळजळ पटकन थांबते. लेन्स लावत असतील तर त्या आजच बंद.

आता दुकानदार म्हणून माझी तक्रार. लोक घरातली जुनी बाटली घेऊन येतात, लेबल पुसलेलं, नोझलवर पांढरा थर साचलेला, आणि म्हणतात, "हेच द्या, मागच्या वेळी दोन दिवसांत लाली गेली होती." लाली इतकी झटपट गेली की मला स्टेरॉईडचा संशय येतो. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यातलं नाव बाटलीवर असेल तर डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्याशिवाय घालू नका. डोळ्यात हर्पिस या व्हायरसचा संसर्ग असेल तर स्टेरॉईडने तो बुबुळात फोफावतो, आणि महिनोन्‌महिने वापरलं तर काचबिंदू, मोतीबिंदू होऊ शकतो. अँटिबायोटिक ड्रॉपसुद्धा चिठ्ठीवरच द्यायचे असतात. मी नाही म्हटलं की लोक रागावून दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देत. डोळ्याच्या ड्रॉपची उघडलेली बाटली साधारण महिन्याभरात फेकायची असते आणि एकाची दुसऱ्याने वापरायची नसते, हेही इथेच सांगून ठेवतो.

मुलीला होऊ नये म्हणून नवऱ्याच्या डोळ्यांकडे बघू नको असं तिला सांगायची गरज नाही, बघून डोळे येत नाहीत. गॉगलने उजेडाचा त्रास कमी होतो आणि हात डोळ्याला जात नाही, एवढाच त्याचा उपयोग. संसर्ग हातातून, टॉवेलमधून, उशीच्या अभ्र्यातून, मोबाईलवरून पसरतो. टॉवेल-उशी वेगळी करा, हात साबणानेच धुवा, कारण अ‍ॅडिनोव्हायरसपुढे नुसत्या सॅनिटायझरचा भरवसा नाही. ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत दांडा धरलेला हात डोळ्याला लागणारच, म्हणून पाणी थांबेपर्यंत रजा मिळाली तर घ्यायला सांगा. मुलीचे डोळे आले तर तिलाही तोवर शाळेत पाठवू नका.

रांजणवाडी असेल तर मात्र घरगुती उपायच पहिला. तळहातावर बोट घासून त्याची ऊब लावायची ती जुनी पद्धत आहे ना, तिच्यात तथ्य आहे, फक्त ती ऊब पुरत नाही. रुमाल गरम पाण्यात पिळून मिटलेल्या पापणीवर दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. आधी मनगटावर लावून बघा, पापणीची कातडी फार पातळ असते. फोडायची नाही, लसूण-लवंग घासायची नाही. वारंवार होत असेल तर एकदा रक्तातली साखर तपासा.

डोळा खुपतोय असं नाही तर खरोखर दुखतोय, उजेड सहन होत नाही, डोळे मिचकावूनही अंधुक दिसतंय, बुबुळावर पांढरा ठिपका आहे, लेन्स लावून झोपले होते, वेल्डिंगची ठिणगी किंवा झाडाची काडी लागली होती, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. महिन्याच्या आतल्या बाळाचा डोळा लाल झाला तरीही. खाजगी परवडत नसेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईकरांना वाशीचं महापालिका रुग्णालय. आणि जाताना आतापर्यंत जे जे डोळ्यात घातलंय त्याच्या बाटल्या पिशवीत घालून न्या. मध घातला असेल तर तेही न लाजता सांगा, बुबुळ तपासताना डॉक्टरांना ते कळायला हवं.