विकीवरील डॉक्युमेंटेशन नव्या संकेतस्थळावर नेल्यानंतर जुनी विकी बंद करावी का?

आपल्या मुक्त-स्रोत प्रकल्पाची सर्व पाने पॅनडॉक (दस्तऐवजांचे स्वरूप बदलणारे साधन) वापरून मीडियाविकीवरून (विकी चालवणारे सॉफ्टवेअर) मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात मांडणीच्या खुणा घालण्याची पद्धत) आणली आहेत, नवे संकेतस्थळ सुरू झाले आहे, तर आता विकी बंद करण्यास हरकत आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हरकत आहे, आणि ती मजकुरापेक्षा पत्त्यांमुळे आहे.

मी ज्या प्रकल्पात योगदान देतो तेथे हेच स्थलांतर झाले तेव्हा मजकूर हलवण्याचे काम लवकर उरकले, पण तुटलेल्या दुव्यांच्या तक्रारी पुढे कितीतरी महिने येत राहिल्या. रीडमीमधील, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलमधील, दुवे आम्ही तत्परतेने बदलले होते. विसरलो ते प्रोग्रामच्या पोटातले. कॉन्फिगरेशन फाइल सापडली नाही की आमचा प्रोग्राम जो संदेश दाखवतो, त्याच्या शेवटच्या ओळीत विकीवरील एका पानाचा पत्ता होता, आणि ती आवृत्ती लोकांच्या सर्व्हरवर केव्हाच बसलेली होती. नव्या आवृत्तीत तो पत्ता बदलता येतो, पण जी आवृत्ती आधीच लोकांच्या हाती गेली आहे तिच्यात नाही. म्हणून विकीचे डोमेन नाव सोर्स कोड, मॅन पेजेस (प्रोग्रामसोबत येणारी माहितीपाने) आणि मदतीचा मजकूर यांत ग्रेप या शोधाच्या आज्ञेने शोधून पाहावे, आणि तेही केवळ चालू ब्रँचवर (सध्या काम सुरू असलेल्या कोडवर) नव्हे, तर जुन्या टॅगांवरही (आधी प्रसिद्ध केलेल्या आवृत्त्यांवरही).

प्रत्येक जुन्या पानावरून त्याच विषयाच्या नव्या पानाकडे कायमस्वरूपी, म्हणजे ३०१ क्रमांकाचा, रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्यावर नेणारी सोय) द्यावा. सगळे पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवण्याचा मोह होतो, पण त्याने वाचक भांबावतो आणि गूगलही अशा पत्त्यांना बहुधा ‘सॉफ्ट ४०४’ म्हणजे न सापडलेले पान समजते. नवे संकेतस्थळ गिटहब पेजेस या गिटहबच्या संकेतस्थळ-सेवेवर असले तरी हे रिडायरेक्ट जुन्या डोमेनच्या सर्व्हरवरच ठेवावेत, कारण गिटहब पेजेसवर आपल्याला हवे तसे ३०१ लिहिता येत नाहीत.

याहून चिवट अडचण पानाच्या आतील मथळ्यांची आहे. पत्त्यातील # नंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. रिडायरेक्ट झाल्यावर तो जसाच्या तसा नव्या पत्त्याला जोडतो. मीडियाविकी मथळ्यातील कॅपिटल अक्षरे राखून शब्दांमध्ये अंडरस्कोर घालते, तर मार्कडाउनवर चालणारी बहुतेक साधने सारे स्मॉल करून हायफन घालतात. परिणामी पान बरोबर उघडते, पण वाचक हव्या त्या परिच्छेदाऐवजी पानाच्या माथ्यावर उतरतो, आणि कोणत्याही लॉगमध्ये याची ४०४ म्हणून नोंद होत नाही. सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या पानांवर तरी जुने अँकर, म्हणजे # नंतर येणाऱ्या मथळ्यांच्या खुणा, हाताने घालावेत. सगळ्या पानांवर तो खटाटोप करण्यात मला अर्थ वाटत नाही.

पॅनडॉक विकीच्या टेम्प्लेटांचा (अनेक पानांत वापरल्या जाणाऱ्या तयार मजकुराचा) विस्तार करत नाही, त्यामुळे ‘ही सूचना जुन्या आवृत्तीसाठी आहे’ अशा इशाऱ्यांच्या चौकटी गळाल्या नाहीत ना, हेही तपासावे. तसेच विकीचा संपादन-इतिहास हीच लेखकांच्या श्रेयाची नोंद असते. मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश मागणाऱ्या परवान्याखाली असेल, तर तो इतिहास एक्सएमएल या स्वरूपाच्या फाइलमध्ये निर्यात करून जपणे आवश्यक आहे.

एवढे झाले की विकी प्रथम केवळ वाचनासाठी खुली ठेवावी आणि रिडायरेक्ट तपासून झाल्यावर सॉफ्टवेअर खुशाल काढून टाकावे. डोमेनचे नूतनीकरण मात्र थांबवू नये, कारण ते सुटले आणि दुसऱ्या कोणी घेतले, तर आपल्याच प्रोग्रामचा त्रुटीसंदेश वापरकर्त्याला त्या अनोळखी माणसाच्या पानावर नेऊन सोडेल.