आकडीचा आकडा

गेल्या महिन्यात या सदरात मी एक वाक्य लिहिलं होतं: दर हजार माणसांमागे साधारण चार ते दहा जणांना चालू अपस्मार असतो. त्यावर बरीच पत्रं आली. एका वाचकाने लाल शाईत ‘आकडा तपासा’ एवढंच लिहून पाठवलं. तपासला, बरोबर आहे. बाकीच्या पत्रांपैकी पाच इथे घेते. कुणी फिट म्हणतं, कुणी आकडी, कुणी फेफरं, कुणी मिरगी. ज्याने जो शब्द वापरला तोच ठेवला आहे.

प्रश्न : आमच्या वस्तीत सहा हजार माणसं आहेत. मी इथे चौदा वर्षं शिकवते, घरटी ओळख आहे. फिट येणारे मला दोनच माहीत आहेत. तुमच्या हिशेबाने चोवीस ते साठ हवेत. बाकीचे गेले कुठे? की आमची वस्ती नशीबवान? — एक शिक्षिका

बाई, हिशेब अचूक मांडलात. आणि ‘मला दोनच माहीत आहेत’ असं लिहिलंत, ‘दोनच आहेत’ असं नाही, तेव्हा अर्धं उत्तर तुम्हीच देऊन टाकलंय.

मेंदूविकाराकडे वळण्याआधी मी घरोघरी मोजणी करणाऱ्या एका पथकात होते. पहिल्या आठवड्यात मी दारात उभ्या उभ्या विचारायचे, “घरात कुणाला फिट येते का?” “नाही हो.” की मी ‘नाही’च्या चौकटीत खूण करून पुढच्या दाराशी. शनिवारी पथकातल्या ज्येष्ठ परिचारिकाबाईंनी माझे कागद चाळले आणि विचारलं, “तू मोजायला गेली होतीस की शिक्के मारायला?”

सोमवारी त्या माझ्याबरोबर त्याच घरांत आल्या. एका घरी त्या आधी उंबऱ्याशी बसल्या, पाणी मागितलं, गुडघ्यांची तक्रार केली. मग हळूच सुरुवात. कुणाच्या हातातून वस्तू अचानक गळून पडते का? बोलता बोलता कुणी मध्येच थांबून एकटक बघत राहतं, हाक मारली तरी ऐकू न आल्यासारखं? सकाळी उठल्यावर जीभ चावलेली, उशीला रक्त, अंथरूण ओलं, असं कधी झालंय? या शेवटच्या प्रश्नाला घरातल्या आजी आतल्या खोलीकडे बघायला लागल्या. तिथून सोळा-सतरा वर्षांची मुलगी बाहेर आली. उकाडा असूनही पूर्ण बाह्या. बाही वर केली तर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना, चकचकीत, आक्रसलेला डाग. जिभेच्या उजव्या कडेला दोन खाचा.

“फिट नाही हो ती,” आजी म्हणाल्या. “तिला फक्त झोपेत होतं.”

आजी खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी फिट म्हणजे चारचौघांत धाडकन पडणं. मी ज्या शब्दात विचारलं, त्या शब्दाला त्यांनी खरं उत्तर दिलं होतं. त्या आठवड्याचे माझे सगळे कागद पुन्हा भरावे लागले.

उलट बाजूची चूकही होते. उन्हात चक्कर येऊन पडलेला, रक्तातली साखर उतरलेला, तापात झटका आलेलं दोन वर्षांचं बाळ, हे सगळे ‘फिट’च्या रकान्यात घुसतात. अपस्मार म्हणायचं ते साधारणपणे तात्कालिक कारण नसताना किमान दोन झटके आले आणि त्यांत चोवीस तासांहून जास्त अंतर असलं तर. (एकाच झटक्यानंतर पुढच्याची शक्यता फार असेल, तरी डॉक्टर निदान करतात. 2014 पासून व्याख्येत तेही आहे.) मोजणीत ‘चालू’ अपस्मार म्हणजे बहुधा गेल्या पाच वर्षांत झटका आलेला किंवा औषध सुरू असलेला माणूस. व्याख्या जरा हलली की आकडा हलतो. म्हणून तर चार ते दहा, एवढी रुंद पट्टी.

आता नशिबाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांतले जवळजवळ 80 टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. श्रीमंत देशांत दरवर्षी लाखामागे साधारण 49 नवे रुग्ण सापडतात, कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत 139 पर्यंत. कारणं ठाऊक आहेत: बाळंतपणात बाळाच्या मेंदूला झालेली इजा, मेंदूचे संसर्ग, डोक्याला मार, काही प्रदेशांत पट्टकृमीच्या अळ्यांच्या मेंदूतल्या गाठी. तुमच्या सहा हजारांत याचा अर्थ वर्षाला नवे तीन किंवा नवे आठ. नवे रुग्ण जवळजवळ तिप्पट, पण गरीब भागात हयात रुग्णांचा आकडा त्या पटीत फुगलेला दिसत नाही. काहींचे झटके आपोआप थांबतात, काही मोजणाऱ्यापासून लपतात. आणि काही मरतात: पाण्यात, विस्तवात, उंचावरून पडून, न थांबणाऱ्या झटक्यात. अपस्मार असलेल्यांना अकाली मृत्यूचा धोका इतरांच्या तिपटीपर्यंत असतो. त्यामुळे आकडा कमी आला म्हणून मी तरी हुरळून जात नाही.

तुम्ही वर्गातूनच सुरुवात करा. दिवसातून अनेकदा पाच-दहा सेकंद ‘हरवणारं’ मूल, पापण्या फडफडतात, मग जिथे थांबलं तिथून वाक्य पुढे सुरू. त्याच्या प्रगतिपुस्तकात बहुतेक ‘लक्ष नाही’ असा शेरा असेल. कदाचित तुम्हीच लिहिलेला.

प्रश्न : धाकट्या भावाला फेनोबार्बिटोनची गोळी लागू पडली. चार महिने एकही आकडी नाही. पण दवाखान्यात गोळ्या संपतात आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतात. आठवडाभर थांबलं तर चालतं का? तसाही तो बरा आहे.

नाही चालत. तो बरा आहे तो गोळीमुळे. हे औषध एकदम तुटलं तर झटके पूर्वीपेक्षा जोरात परततात, कधी एकामागून एक येत राहतात आणि मध्ये शुद्धच येत नाही. तो जिवावरचा प्रसंग असतो. म्हणून घरात दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की दवाखाना गाठायचा, शेवटची पट्टी फोडल्यावर नाही. पुरवून वापरण्यासाठी गोळी अर्धी करायची नाही. गोळ्या नसतील तर ‘पुढच्या आठवड्यात’ ऐकून परत फिरू नका. डॉक्टरांसमोर बसा आणि विचारा, आज रात्री काय देऊ?

गोळ्या का संपतात, हे मी एका दवाखान्यात स्वतः पाहिलं आहे, आणि आजही आठवलं की डोकं फिरतं. तिथे दर महिन्याची मागणी मागच्या महिन्याच्या खपावर ठरायची. एका महिन्यात गोळ्या दहाव्या दिवशी संपल्या. उरलेले वीस दिवस खप शून्य. महिन्याचा खप कमी दिसला, म्हणून पुढची मागणी कमी. मग त्या गोळ्या आणखी लवकर संपल्या. चौथ्या महिन्यात कागदावर असं दिसत होतं की रुग्ण जवळजवळ बरे झालेत. मी भांडारातल्या लेखनिकाला म्हटलं, “अहो, रिकाम्या हाताने परत गेलेले मोजा ना.” तो म्हणाला, “त्याला रकाना नाही.” मग आम्ही नोंदवहीच्या समासात पेन्सिलीने रेघा मारायला लागलो, परत गेलेल्या प्रत्येकामागे एक. दोन महिन्यांत समास भरला आणि मागणी वाढवून मिळाली.

औषध काही नवं किंवा दुर्मीळ नाही. 1912 मध्ये आल्फ्रेड हाउप्टमान या जर्मन डॉक्टरने ते रुग्णांना शांत ठेवण्यासाठी दिलं आणि त्याच्या लक्षात आलं की झटकेच कमी झालेत. तेव्हापासून ते वापरात आहे, स्वस्त आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. पण 1971 च्या मनोप्रभावी पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय करारातही त्याचं नाव आहे, त्यामुळे आयात, साठा, वाटप सगळ्याला जादा परवाने आणि कागद लागतात. शंभर वर्षं जुनी गोळी कपाटाबाहेर अडकते ती अशी.

नीट उपचार मिळाले तर 70 टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांशिवाय जगू शकतात. आणि गरीब देशांत सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांपर्यंत लागतात ते उपचार पोचत नाहीत. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य सभेने एक कृती आराखडा मंजूर केला: 2031 पर्यंत अपस्माराच्या सेवांची व्याप्ती 2021 च्या तुलनेत 50 टक्क्यांनी वाढवायची. उद्दिष्ट चांगलं आहे. फक्त 2021 मध्ये परत गेलेल्यांना कुणी रकाना ठेवला होता का, हे मला विचारावंसं वाटतं.

भावाला सांगा, औषध कमी करायचा विषय किमान दोन वर्षं एकही झटका आला नाही तर काढायचा, डॉक्टरांबरोबर, आणि तेव्हाही हळूहळू.

प्रश्न : ईईजी नॉर्मल आला. म्हणजे मिरगी नाही ना?

तसं नाही. ईईजी म्हणजे मेंदूच्या विजेची अर्ध्या तासाची नोंद. त्या अर्ध्या तासात मेंदू शांत असेल तर कागदही शांत. निदान मुख्यतः वर्णनावरून होतं, म्हणून झटका पाहिलेल्या माणसाला डॉक्टरांकडे घेऊन जा. मोबाइलवर एका मिनिटाचं चित्रीकरण असेल तर फारच उत्तम. डोळे उघडे होते की मिटलेले, मान कुठे वळली, आधी कुठला हात हलला, एवढं दिसलं तरी पुष्कळ झालं.

प्रश्न : जवळ मेंदूविकारतज्ज्ञ नाही. साध्या डॉक्टरकडून फेफऱ्याचं औषध घेणं धोक्याचं नाही का?

तज्ज्ञाची वाट बघत औषधाशिवाय राहणं जास्त धोक्याचं. हा प्रश्न चीनच्या ग्रामीण भागात मोठ्या प्रमाणावर तपासून झाला आहे. या शतकाच्या सुरुवातीला तिथे घरोघरी पाहणी केली, तेव्हा 60 टक्क्यांहून जास्त रुग्ण योग्य उपचारांविना आढळले. मग गावपातळीवरच्या डॉक्टरांना थोडं प्रशिक्षण दिलं, हातात तीच जुनी फेनोबार्बिटोन दिली, आणि बहुसंख्य रुग्णांचे झटके निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाले. सरळसाध्या रुग्णाला तज्ज्ञ लागत नाही. नियमित गोळी आणि नियमित विचारपूस लागते.

तज्ज्ञाकडे पाठवायचं ते नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही झटके थांबत नसतील तर, रुग्ण तान्हं बाळ असेल तर, किंवा झटक्यांबरोबर हातापायांतली ताकद कमी होत असेल तर. आणि मूल होऊ द्यायचा विचार करणाऱ्या बाईला व्हॅल्प्रोएट हे फेफऱ्याचं दुसरं औषध चालू असेल, तर दिवस जाण्याआधीच. त्या औषधाने गर्भात व्यंग येण्याचा आणि मुलाच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होण्याचा धोका खरा आहे. मात्र घाबरून गोळी आपली आपण बंद करायची नाही, बदलून घ्यायची.

प्रश्न : आमच्या मंडळाने ठरवलं आहे की फिट येणाऱ्या सगळ्यांची नावं सूचना फलकावर लावायची, म्हणजे गरजेला कुणीही मदत करेल. मसुदा सोबत जोडला आहे. — मंडळाचे सचिव

सचिवसाहेब, मसुदा मी फाडून टाकला, राग मानू नका. हेतू चांगला आहे. पण ही यादी लागली की पुढच्या मोजणीला तुमच्याकडे एकही रुग्ण सापडणार नाही. आमच्या पथकाच्या कागदांवर नावं नसायची, फक्त घर क्रमांक. कुठला क्रमांक कुणाचा, हे परिचारिकाबाईंच्या वहीत, आणि ती वही कुलपात. त्या आजींनी आतल्या खोलीकडे बघितलं, ते ही वही कुलपात राहते हे त्यांना आधी सांगितलं होतं म्हणून.

फलक रिकामा ठेवू नका. मोठ्या अक्षरांत हे लावा:

झटका आला तर घड्याळ बघा. आजूबाजूच्या टोकदार वस्तू सरकवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबलं नाही, लगेच दुसरा आला, श्वासाला त्रास होतोय, माणूस पाण्यात होता, बाई गरोदर आहे किंवा हा पहिलाच झटका आहे, तर रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध येईपर्यंत शेजारी बसा, आणि गर्दीला घरी पाठवा.